उतारा कुठला?

"शब्द यादीतला होता, अर्थ तोंडपाठ होता, तरी उत्तर चुकलं कसं?"

इंग्रजीचा पेपर देऊन आलेला मराठी माध्यमातला विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतो. शिरूरच्या अभ्यासिकेत विचारतो, दौंडच्या अभ्यासिकेतही विचारतो. त्याला मिळणारं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: अजून पाठ कर. मग पाचशे शब्दांची यादी हजाराची होते, वहीला दुसरी वही जोडली जाते आणि पुढच्या वर्षी तोच विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन परत येतो.

यादी आखूड पडली म्हणून उत्तर चुकतं, असं सहसा होत नाही. यादी एका शब्दासमोर एक अर्थ ठेवते. परीक्षा मात्र तो शब्द एका वाक्यात बसवते आणि इथे तो कशाबद्दल बोलतोय, ते विचारते. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते कसं कापायचं, हा या प्रकरणाचा विषय.

१. आधी परीक्षा कोणती ते बघा

दौंडमध्ये सरकारी नोकरीच्या दोन वाटा पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर आहेत. एक रेल्वे, कारण गावच जंक्शनभोवती वाढलं. दुसरी पोलीस, कारण राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथेच आहेत. गंमत अशी, की या दोन्ही वाटांवर सुरुवातीला इंग्रजी फारसं आडवं येत नाही. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असतं. रेल्वेच्या एनटीपीसी भरतीत पहिल्या टप्प्याचे १०० प्रश्न असतात: सामान्य ज्ञान ४०, गणित ३०, बुद्धिमत्ता ३०. त्यात इंग्रजीचा वेगळा विभागच नाही आणि पेपर मराठीतूनही देता येतो.

इंग्रजी भेटतं ते स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेत. हिचंही लघुरूप एसएससीच, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना पोरगा पुन्हा दहावीला बसतोय की काय, अशी शंका येते. पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेचा पहिला टप्पा म्हणजे तासाभरात १०० प्रश्न, २०० गुण. त्यातले २५ प्रश्न इंग्रजीचे. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला अर्धा गुण वजा. बँकांच्या बहुतेक पूर्व परीक्षांत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद. एनडीएच्या सामान्य क्षमता चाचणीतल्या ६०० गुणांपैकी २०० इंग्रजीचे.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसमोर आयईएलटीएस किंवा जीआरई असते. आयईएलटीएसच्या वाचन विभागात एका तासात ४० प्रश्न असतात आणि ते लांबलचक उताऱ्यांवर बेतलेले असतात.

यातल्या प्रत्येक परीक्षेची शब्दांकडे बघण्याची नजर थोडी वेगळी आहे. स्टाफ सिलेक्शनमध्ये समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द अजूनही थेट विचारतात. तिथे यादी उपयोगी पडते, हे मान्य करायला हवं. पण त्याच पेपरमध्ये पाच गाळलेल्या जागांचा उताराही असतो आणि तिथे यादीवर विसंबणारा अडकतो.

२. गाळलेल्या जागा आल्या कुठून?

उताऱ्यातले शब्द गाळून ते भरायला सांगायचे, या प्रकाराला इंग्रजीत 'क्लोझ टेस्ट' म्हणतात. ती १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलर यांनी मांडली. विद्यार्थ्यांचं इंग्रजी तपासण्याचा तेव्हा त्यांचा विचार नव्हता. एखादा मजकूर वाचकाला किती सोपा जातो, ते त्यांना मोजायचं होतं. ठरावीक अंतराने एकेक शब्द काढून टाकायचा आणि वाचक तो कितपत ओळखतो ते पाहायचं. जास्त जागा बरोबर भरल्या गेल्या, तर मजकूर सोपा. पुढे भाषेच्या परीक्षा घेणाऱ्यांनी हीच युक्ती उलट्या बाजूने वापरली: मजकूर ठरलेला ठेवायचा आणि मोजायचं वाचकाला.

अमेरिकेतल्या मोठ्या परीक्षांनी सुटे शब्द विचारणं हळूहळू बंद केलं. महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या 'सॅट'मधून १९९४ साली विरुद्धार्थी शब्द गेले, २००५ साली शब्दांच्या जोड्या गेल्या आणि २०१६ साली सुट्या वाक्यांतल्या गाळलेल्या जागाही गेल्या. राहिले ते उताऱ्यातच अर्थ विचारणारे प्रश्न. 'जीआरई'ने २०११ साली विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या काढल्या. आता तिथे एकाच परिच्छेदात दोन-तीन जागा गाळलेल्या असू शकतात आणि सगळ्या बरोबर भरल्या तरच गुण मिळतो. बॅरन्सच्या पुस्तकातली साडेतीन हजार शब्दांची यादी एकेकाळी जीआरईवाल्यांची पोथी होती. ती घोकून गेलेल्या विद्यार्थ्याला तीन जागांपैकी दोन आल्या, तरी हाती शून्यच.

नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ सालचं पुस्तक आजही अनेक अभ्यासिकांच्या टेबलांवर दिसतं. ते यादीसारखं वापरलं जातं, पण ते यादी नाही. लुईस एकाच मुळातून निघालेले शब्द एकत्र आणतात आणि ते वाचकाकडून पुन्हापुन्हा वाक्यांत भरून घेतात. झेरॉक्स काढताना नेमकी ती स्वाध्यायाची पानं वगळली जातात, हे त्या पुस्तकाचं दुर्दैव.

३. किती शब्द आले म्हणजे वाचता येतं?

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं. वर्तमानपत्र किंवा कादंबरी मदतीशिवाय नीट समजायची असेल, तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, असा त्यांचा २००६ सालचा हिशेब आहे. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळं एक कुटुंब.

टक्केवारी कागदावर फसवी दिसते, म्हणून ४०० शब्दांचा एक उतारा घेऊ. ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील, तर अनोळखी फक्त ८. त्यांचा अंदाज बांधता येतो. ९० टक्के ओळखीचे असतील, तर अनोळखी ४०, म्हणजे दर दहा शब्दांमागे एक ठेच. इतक्या ठेचा लागल्यावर आजूबाजूच्या शब्दांची मदत घ्यायची तरी कशी? आजूबाजूचेही अनोळखीच. संदर्भावरून अर्थ काढण्याची कला शिकवणारे अनेकजण ही अट सांगायला विसरतात. पायाचे शब्द आधी यावेच लागतात.

हे पायाचे शब्द कोणते, याचं एक जुनं उत्तर आपल्याच उपखंडात तयार झालं. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना, नेमके कोणते शब्द आधी शिकवावेत, या प्रश्नाने त्यांना घेरलं. त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' १९५३ साली प्रसिद्ध झाली. तिचं वैशिष्ट्य असं, की एका शब्दाचे जेवढे अर्थ, तेवढ्या प्रत्येक अर्थापुढे तो किती टक्के वेळा वापरला जातो, तेही दिलेलं आहे. यादी करणाऱ्या माणसालाच ठाऊक होतं, की एक शब्द आणि एक अर्थ हा हिशेब खोटा आहे. २००० साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासविषयक लेखनातल्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. अशा लेखनातला जवळजवळ दहावा हिस्सा या ५७० कुटुंबांनी व्यापलेला असतो. आयईएलटीएस देणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात केली तर ते वाया जात नाही.

४. कारखान्याची रिकव्हरी आणि बँकेची

आता 'उतारा' हाच शब्द घ्या. शिरूर तालुक्यातल्या माणसाने "उतारा काढून आण" म्हटलं, तर मुलगा तलाठ्याकडे सातबारा आणायला जातो. "यंदा उतारा पडला" म्हटलं, तर विषय उसाचा. "खालील उतारा वाचा" म्हटलं, तर प्रश्नपत्रिकेचा. आणि "यावर उतारा काय?" असं विचारलं, तर विष किंवा संकट यावरचा इलाज हवा असतो. मुलाचा एकदाही घोटाळा होत नाही. त्याने या शब्दाचे चार अर्थ कधी पाठ केलेले नाहीत. प्रत्येक अर्थ त्याला त्याच्या जागेसकट मिळाला आहे.

हेच कौशल्य इंग्रजी शब्दांबाबत वापरायचं आहे आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल या दोन तालुक्यांत मुबलक आहे. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना असो की पाटसचा भीमा, उसाच्या गप्पांत 'रिकव्हरी' हा शब्द आल्यावाचून राहत नाही. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, ती रिकव्हरी. उसाची एफआरपी तिच्यावरच ठरते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के रिकव्हरीला क्विंटलमागे ३४० रुपये ठरवले आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त. म्हणजे रिकव्हरी १०.७५ असेल तर पाच वेळा ३.३२, म्हणजे १६ रुपये ६० पैसे वाढ आणि दर ३५६ रुपये ६० पैसे. तोडणी-वाहतूक वजा जाते ती वेगळी. ऊसवाल्याच्या घरातल्या पोराला हा हिशेब शिकवावा लागत नाही.

पण बँकेच्या परीक्षेत हाच शब्द समोर आला की तो गडबडतो. तिथे कर्जाची 'रिकव्हरी' म्हणजे वसुली. पोलिसांच्या बातमीत चोरीच्या दागिन्यांची रिकव्हरी म्हणजे माल हस्तगत होणं. आजाऱ्याची रिकव्हरी म्हणजे बरं होणं. अर्थव्यवस्थेची रिकव्हरी म्हणजे मंदीतून सावरणं. चारही ठिकाणी काहीतरी परत मिळतंय किंवा हाती लागतंय, हा गाभा एकच. फरक कळतो तो शेजारच्या छोट्या शब्दावरून. 'रिकव्हरी ऑफ' आलं, तर बहुधा काहीतरी मिळवलं गेलंय: साखर, थकबाकी, दागिने. 'रिकव्हरी फ्रॉम' आलं, तर बहुधा कुणीतरी कशातून तरी सावरतंय: आजार, मंदी, पराभव. परीक्षक नेमका हा छोटा शब्द उताऱ्यात ठेवतो आणि विद्यार्थी नेमका तोच न वाचता पुढे जातो.

एफआरपी या तीन अक्षरांतही परीक्षेचा एक शब्द लपलाय. पूर्ण नाव 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस'. 'रिम्युनरेटिव्ह' हा शब्द यादीत पाहिला की जड वाटतो. कष्टाचा मोबदला नीट देणारा दर, हे ज्याच्या घरी रोज बोललं जातं, त्याला तो जड वाटायचं कारण नाही. मग 'रिम्युनरेशन' म्हणजे मोबदला किंवा मानधन, हे ओघाने येतं. २००९ पूर्वी याच दराला एसएमपी म्हणत. त्यातला 'एस' होता 'स्टॅच्युटरी', म्हणजे कायद्याने ठरवलेला. बँकांच्या पेपरमध्ये 'स्टॅच्युटरी' भेटतोच भेटतो.

रांजणगाव एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांकडेही असा साठा असतो. कंपनीत 'यील्ड' म्हणजे शंभर नगांपैकी चांगले किती निघाले. शेतात 'यील्ड' म्हणजे एकरी उत्पादन. शेअर बाजाराच्या बातमीत रोख्यांचं 'यील्ड' म्हणजे परतावा. इथपर्यंत गाडी सरळ चालते. मग उताऱ्यात वाक्य येतं की सरकारने आंदोलकांपुढे 'यील्ड' केलं आणि तिथे उत्पादनाचा काही संबंध नसतो. सरकार नमलं. पुढे 'टु' दिसला की 'नमणं' हा अर्थ आधी तपासायचा, एवढी खूण वहीत असली तरी पुरे.

५. दौंडचं यार्ड

दौंडच्या यार्डात शंटिंग चालतं, म्हणजे डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर हलवतात. इंग्रजी वर्तमानपत्रांत एखाद्या अधिकाऱ्याला 'शंट' केल्याची बातमी असते, तेव्हा त्याची उचलबांगडी झालेली असते, तीही बहुधा कमी महत्त्वाच्या जागी. यार्डाशेजारी वाढलेल्या मुलाने हा अर्थ पाठ करायची गरज नाही. एकदा जोडून घेतला की पुरे.

'कॉर्ड लाईन'चंही तसंच. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंड जंक्शनला इंजिन उलट्या टोकाला लावावं लागे. ते टाळण्यासाठी जंक्शनला वळसा घालणारा जोडमार्ग झाला. त्यावरच्या स्टेशनचं नाव दौंड कॉर्ड लाईन. हा 'कॉर्ड' म्हणजे भूमितीतली जीवा. वर्तुळाच्या दोन बिंदूंना सरळ जोडणारी ही रेषा दहावीच्या पुस्तकात सगळ्यांनी काढलेली असते. रुळांच्या नकाशात ती तेच काम करते, दोन फाट्यांना परस्पर जोडते. संगीतात 'कॉर्ड' म्हणजे एकत्र वाजणारे सूर. त्यामुळे एखाद्याच्या भाषणाने 'स्ट्रक अ कॉर्ड' असं वाचलं, तर ते ऐकणाऱ्यांच्या मनाला भिडलं. उच्चार तोच, पण 'एच' नसलेला 'कॉर्ड' म्हणजे दोरी. स्पेलिंगमधलं एक अक्षर इथे निर्णय करतं.

'स्लीपर'चे अर्थ तर प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या कुणालाही सांगता येतील. रुळाखालची आडवी तुळई एक, झोपायचा डबा दुसरा. दहशतवादाच्या बातमीतला 'स्लीपर सेल' त्यांच्या ओळीत आणून बसवायचं काम तेवढं उरतं.

६. अंदाज कसा बांधायचा आणि कधी बांधायचा नाही

शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बिबट्याची बातमी नाही असा आठवडा विरळा. अशाच एका बातमीसारखं वाक्य पाहू, एक शब्द इंग्रजी ठेवून: 'बिबट्या महिनाभर इल्यूसिव्ह राहिला, कॅमेऱ्यात फक्त एकदा शेपटी दिसली आणि पिंजऱ्याकडे तो फिरकलाच नाही.' शब्द कधी ऐकला नसेल तरी हाती न लागणारा, हुलकावणी देणारा, हे कळतं. स्वल्पविरामापुढचा सगळा भाग त्या शब्दाचं स्पष्टीकरण आहे.

दुसरी खूण विरोधाची. 'आधीचे सरपंच व्हर्बोज होते; नवे मात्र दोन वाक्यांत सभा आटोपतात.' 'मात्र'च्या एका बाजूला थोडक्यात बोलणारा आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूला पाल्हाळ लावणारा असणार. इंग्रजीत हे काम 'बट', 'हाउएव्हर', 'दो', 'अनलाइक' करतात. तिसरी खूण कारणाची. 'कालव्याच्या टेलला आवर्तनाचं पाणी मीगर पोहोचलं, म्हणून टँकर लावावे लागले.' टँकर लागले, तर पाणी पुरेसं नव्हतं. मीगर म्हणजे अगदी तुटपुंजं.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की संदर्भ असला म्हणजे झालं. तसं नाही. इझाबेल बेक आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिलं, की सगळे संदर्भ सारखे नसतात. काही नीट वाट दाखवतात, काही मोघम असतात, काही मुकाट बसतात आणि काही चक्क दिशाभूल करतात. हे वाक्य बघा: 'पंचनाम्याला आलेल्या पथकाने शेतकऱ्यांचं सगळं ऐकून घेतलं, माना डोलावल्या, आणि त्यांची पाहणी परफंक्टरी होती.' ऐकून घेतलं, माना डोलावल्या, म्हणजे पाहणी मनापासून झाली असेल, असं वाटतं. 'परफंक्टरी'चा अर्थ मात्र वरवरची, उरकून टाकलेली. लेखकाचा टोमणा शब्दाच्या अर्थातच आहे आणि तो माहीत नसेल तर वाक्य उलटं वाचलं जातं.

म्हणून उणे गुण असलेल्या परीक्षेत एक शिस्त लागते. वाक्यातल्या कुठल्या शब्दामुळे हा अर्थ ठरवला, त्यावर बोट ठेवता यायला हवं. बोट ठेवता आलं, तर उत्तर द्यावं. एकही पर्याय बाद करता आला नाही, तर पुढे जावं. स्टाफ सिलेक्शनच्या गणितात चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर उरलेल्या दोनांत अंदाज घेणं सरासरीने फायद्याचं ठरतं, कारण मिळाले तर २, गेले तर अर्धा.

७. शब्दाची उठबस

गावात नवा माणूस दिसला, तर तो कोण हे थेट विचारण्याआधी लोक तो कुणाच्या ओट्यावर बसतो ते बघतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दांबद्दल नेमकं हेच म्हणून ठेवलं: शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. लंडनमध्ये नाव कमावण्याआधी फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.

आपल्याकडे ही जाण आणखी जुनी आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात कितीतरी नामांपुढे कर, दे, घे, घाल, लाग अशी क्रियापदं दिलेली सापडतात. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला नामाचा अर्थ कळून भागणार नाही, त्याच्याशी कोणतं क्रियापद जुळतं तेही कळलं पाहिजे, हे मोल्सवर्थना उमगलं होतं. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या हातातल्या यादीत मात्र ही सोय सहसा नसते.

ती नसल्यामुळे मराठीची सोबत इंग्रजीवर लादली जाते. मराठीत चूक 'करतात', म्हणून 'डू अ मिस्टेक' लिहिलं जातं. इंग्रजीत चूक 'मेक' करतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक 'घेतात'. ब्रिटिश इंग्रजीत परीक्षा 'टेक' करणारा विद्यार्थीच असतो. 'विषयावर चर्चा करणे' डोक्यात असतं, म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' चिकटतं; तिथे काहीच लागत नाही. वाक्यातली चूक शोधा, या प्रश्नात अशाच जागा हेरलेल्या असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. चार वर्षं आधी सुरुवात झाली तरी या चुका टिकून आहेत, कारण त्या इंग्रजी कमी शिकल्यामुळे होत नाहीत. त्या मराठी पक्की असल्यामुळे होतात.

८. वही कशी ठेवावी

एका ओळीत शब्द, बरोबरचं चिन्ह, अर्थ. अशी वही भराभर भरते आणि भराभर विसरली जाते. त्याऐवजी एका शब्दाला अर्धं पान द्यावं आणि त्यावर तीन ठिकाणांहून मिळालेली तीन वाक्यं असावीत. 'सँक्शन' घेतला, तर पहिलं वाक्य बँकेच्या पत्रातलं: कर्ज 'सँक्शन' झालं. दुसरं आंतरराष्ट्रीय बातमीतलं: एका देशावर 'सँक्शन्स' लादली. तिसरं जुन्या प्रश्नपत्रिकेतलं. पहिल्यात मंजुरी, दुसऱ्यात निर्बंध. अर्थ जवळजवळ विरुद्ध आणि दोन्ही एकाच पानावर. प्रत्येक वाक्यात ज्या शेजाऱ्यामुळे अर्थ ठरला त्याच्याखाली रेघ: पहिल्यात 'लोन', दुसऱ्यात 'इम्पोज' आणि 'ऑन'.

मग उजळणी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत सर्वांत झपाट्याने गळतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग अंतर वाढवत न्यायचं.

उजळणी म्हणजे वही पुन्हा वाचणं, असा समज आहे. तो महागात पडतो. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थासह शिकवले. शब्द एकदा बरोबर सांगता आल्यानंतरही काही गटांना त्यावर पुन्हा चाचण्या दिल्या. इतरांच्या चाचण्या थांबवल्या, त्यातल्या एका गटाला वाचन मात्र चालू ठेवलं. आठवड्याने चाचणी देत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, थांबवलेल्यांना साधारण एक तृतीयांश. नुसतं वाचत राहिल्याने फरक पडला नाही. हा प्रयोग सुट्या शब्दांवरच झाला होता, हेही सांगायला हवं. यादी वाईट नसते. झाकून न आठवता ती नुसती चाळत राहणं वाईट. अर्ध्या पानावरच्या तीन वाक्यांतला मुख्य शब्द कागदाने झाकायचा आणि शेजाऱ्यांकडे बघून तो आठवायचा. ही घरची क्लोझ टेस्ट.

९. एक उतारा सोडवून पाहू

मराठी वाक्यं, चार गाळलेल्या जागा, पर्याय इंग्रजी.

'उन्हाळा चढतो तसं उजनीचं पाणी (१) होत जातं. उघडा पडलेला उथळ चिखल फ्लेमिंगोंना चरायला (२) ठरतो. पक्षी आले की भिगवणच्या काठावर पर्यटकांचा (३) सुरू होतो आणि मच्छीमारांच्या होड्यांना भाडं मिळतं. हे उत्पन्न मात्र (४) आहे. पाणी उशिरा उतरलं, तर पक्षीही उशिरा येतात आणि होड्या काठाला बसून राहतात.'

पहिल्या जागेचे पर्याय: रिसीड, रिसाइट, रिफ्यूट, रिलेंट. पुढच्या वाक्यात चिखल उघडा पडलाय, म्हणून 'रिसीड', ओसरणं. 'रिलेंट' हा नरमणारा शब्द माणसांबद्दल आणि पावसाबद्दल येतो, धरणाच्या पातळीबद्दल नाही.

दुसरी: कॉन्ड्युसिव्ह, अमिकेबल, अफेबल, कॉर्डियल. चारही 'अनुकूल, गोड' अशा वळणाचे. पण शेवटचे तिन्ही माणसांच्या वागण्याला लागतात. चिखल कुणाशी गोड वागत नाही. उत्तर 'कॉन्ड्युसिव्ह'. इंग्रजी उताऱ्यात त्यापुढे 'टु' असता, तर अर्थही न बघता संशय त्याच्यावरच जायला हवा होता.

तिसरी: इन्फ्लक्स, इन्फ्लेशन, इन्फरन्स, इन्फ्लिक्शन. इथे परीक्षक फक्त सुरुवातीच्या आवाजाने फसवतोय. लोंढा म्हणजे 'इन्फ्लक्स'.

चौथीचे पर्याय: ल्युक्रेटिव्ह, प्रिकेरियस, पेरेनियल, सबस्टॅन्शियल. आधीच्या वाक्यात होड्यांना भाडं मिळतंय, त्यामुळे हात 'ल्युक्रेटिव्ह'कडे जातो: भरपूर पैसे देणारं. त्या वाक्यावर थांबलेल्याचा इथे अर्धा गुण जातो. 'मात्र'ने दिशा बदललीय आणि कारण पूर्णविरामाच्या पलीकडे आहे: सगळं पाण्याच्या भरवशावर. बारमाही असा अर्थ असलेला 'पेरेनियल' आणि भरघोस असा अर्थ असलेला 'सबस्टॅन्शियल', हे दोन्ही त्या कारणाशी भांडतात. उरतो 'प्रिकेरियस', बेभरवशाचं.